गुरुवार

दोनशे वर्षं झाली तुमच्या लॉजला, म्हणून आज
आम्हां बायकांनाही बोलावलंय, विल्मट.
सेंट टेवाच्या चर्चमध्ये, उत्तरेच्या भिंतीलगत,
जिथं ओल येते तिथंच बसलेय,
कोटाची बटणं न काढता.
ऑर्गनवर मिसेस ट्रेगेन्झा, नेहमीसारखी अर्धा ठोका मागे.

मग ते आले जोडीजोडीनं,
नवे पुढे, जुने मागे:
मासळीच्या लिलावातला जेको, दातांचा डॉक्टर पास्को,
बुजलेल्या कथलाच्या खाणीतले दोघे पंपवाले,
पांढरे हातमोजे, आणि पोटावर
कोकराच्या कातड्याचा एप्रन, निळ्या रेशमी काठाचा.
मला हसू आलं, खरं सांगते.
एवढे बाप्ये, आणि पोळ्या लाटायला निघाल्यासारखे.

दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा तुमचा हॅनिबल,
त्याला आज कामच नव्हतं. दार सताड उघडं.
तलवार छत्र्यांत खोचून
तो स्तोत्रांची पुस्तकं वाटत होता.

तुझा एप्रन माझ्या मांडीवर, चामडी पेटीत.
परत द्यायला आणलाय.

एकतीस वर्षं, दर गुरुवारी, तू ही पेटी उचलायचास.
कुठं निघालास म्हटलं की "ल... ल..."
आणि मी तुझा शब्द पुरा करायचे.
सगळेच केले. खाटकाकडे, बँकेत,
याच वेदीसमोर, जिथं "मान्य" म्हणताना
तू म वर अडकलास
आणि जाळीआडून माझे ओठ हलले.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
तुझ्या जिभेला होतं.

पण बुधवारी रात्री गॅरेजमधून आवाज यायचा.
भिंतीला कान असतात. तो कान माझा होता.
खोल, सलग, कुठंही न ठेचकाळणारा आवाज
कुणाला तरी काहीतरी सांगत असायचा, पानंच्या पानं.
तुझाच, आणि मी कधी न ऐकलेला.
मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
टेलिफोनच्या बिलावर नंबर शोधले.
तुझ्या कोटाचे खिसे हुंगले:
ग्रीस, पेपरमिंट, ओलं लोकर.

गेल्या महिन्यात पेटी उघडली.
एप्रनखाली पुस्तक, तळहाताएवढं,
आणि त्यात ओळीच्या ओळी अशा, की प्रत्येक शब्दाचं
फक्त पहिलं अक्षर छापलेलं.
जिथं तू अडायचास
तिथंच थांबणारं पुस्तक.
पुढचं तुला येत होतं.

हॅनिबल वाकला, कानाशी म्हणाला,
"ते लांबलचक भाषण विल्मटसारखं कुणीच केलं नाही, लव्हडे.
अकरा मिनिटं."
मी विचारलं, अडखळत नव्हता?
"पहिली काही वर्षं अडखळायचा की.
आम्ही थांबायचो.
शब्द सांगायला माणूस असतो आमच्यात, बाजूला बसलेला.
त्याला बजावलं होतं,
विल्मटच्या वेळी तोंड उघडायचं नाही."

एवढं बोलून तो पुढच्या बाकाकडे गेला.

नंतर काय काय झालं ते नीट आठवत नाही.
आभार मानले. कोणाचे, कशाबद्दल, मोठी यादी होती.
लाइफबोटसाठी थाळी फिरली.
सगळ्यांत नवा पोरगा, केसांना पाणी लावलेला,
देऊळ बांधल्याचा वेचा वाचायला उठला
आणि त्या सोरच्या राजाच्या नावाशी येऊन थबकला.
नाव मला येत होतं.
जिभेच्या टोकावर होतं.
हातमोज्यात मूठ आवळून बसले.
भिंतीवरून एक थेंब उतरला, दगडाच्या सांध्यापाशी रेंगाळला,
पुन्हा निघाला.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
"हीराम," पोरगा म्हणाला.

चहाला केशरी बन होते, थोडे करपलेले.
पेटी हॅनिबलकडे दिली.
पुस्तक दिलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

बुधवारी गॅरेजमध्ये खुर्ची टाकीन म्हणते.
पहिली अक्षरं आहेत.
पुढचं मला येत नाही, विल्मट.
सावकाश सांग.