मोरी

पाहुणे विचारतात, मांजराचं नाव मोरी कसं?
मोरी म्हणजे आमच्याकडे मासा, मी सांगते,
मुशीच्या जातीचा, करडा, लांबट, शेपटीने वळणारा.
पुण्याचे पाहुणे हसतात.
त्यांची मोरी म्हणजे भांडी घासायची जागा.
आणि ही आमची
मोरी सोडून सगळीकडे मुतायची.

पहिल्यांदा दोन नंबरच्या खोलीत, गादीवर.
मग पायपुसण्यावर. मग ह्यांच्या चपलांच्या कपाटात.
मग सांगलीच्या एका बाईंच्या उघड्या बॅगेत,
इस्त्रीच्या साडीवर.
त्यांचे पैसे परत केले, वर सोलकढी पाजली,
वर ऐकून घेतलं.

काय नाही केलं मी.
फिनेल टाकलं. मग कळलं, फिनेलच्या वासाने तिला वाटतं
आधीच कोणी येऊन गेलंय इथे.
व्हिनेगर. लिंबाच्या साली. खायचा सोडा
रात्रभर गादीवर, सकाळी झाडूने खाली.
निळ्या टपात वाळू भरून दिली,
तिने टपाला प्रदक्षिणा घातली
आणि जाऊन पेपरावर बसली.
ह्यांनी एकदा तिचं नाक त्यात घासलं.
दोन दिवस माळ्यावरून उतरली नाही.
उतरली ती थेट ह्यांच्या उशीवर.

'पिशयेत घाल नी सोड खाडयेपलयाड,'
शेजारचा बुधाजी म्हणाला.
पिशवीत घातलं मी तिला,
पण बस पकडली ती मालवणची,
गुरांच्या दवाखान्याची.

डॉक्टर कोवळा, विदर्भातला.
पोट दाबून पाहिलं, बाटलीत नमुना घेतला.
खडा नाही, जंतू नाही.
घरात काही बदललं का, काकू?
काही नाही, मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ती पिशवीतून रडत होती
आणि मी आठवत होते.
नोव्हेंबरात बस्तू मेस्त्रीने अंगणात ब्लॉक घातले.
तांबडे, करडे, गेटपासून विहिरीपर्यंत,
विहिरीपासून मागच्या दारापर्यंत,
उंडीच्या बुंध्याला गळ्याशी आवळून.
पाहुण्यांच्या पायाने खोलीत वाळू येते म्हणून.
वाळू बघायला आलेल्या पाहुण्यांच्या.

देवबाग आमचं. एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या,
मधे ती काय एवढीशी पट्टी,
खणाल तिथे वाळू.
एका मांजराला ओंजळभर नाही.
कुंपणापलीकडे रिसॉर्टवाल्याची पाच कुत्री.

आणखी एक आठवलं, ते बसमध्ये कोणाला सांगायचं?
लग्न होऊन आले तेव्हा घराला संडास नव्हता.
पहाटे चारला आम्ही बायका सुरूच्या बनात,
एकीने बसायचं, एकीने वाटेकडे बघायचं,
आणि उजाडल्यावर कळ आली
तर दिवस मावळेपर्यंत दात दाबून.
आता चार आहेत. कमोडचे, पांढरे.
मे महिन्यात चारही पाहुण्यांचे.
मी आतल्या नळाचा आवाज ऐकत
घावणे घालते, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

घरी आले आणि पहार घेतली.
उंडीखालचे सहा ब्लॉक उचकटले. सातवा आपणहून हलला.
खालची वाळू थंडगार,
तिच्यात एक शिंपला, एक सोड्याच्या बाटलीचं बूच.
मोरी पिशवीतून निघाली पोट जमिनीला लावून.
हुंगलं. एका पंज्याने ओरबाडलं. थांबली.
मग खड्डा केला, मग बसली,
कान मागे, डोळे कुठेतरी लांब.

मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.
चार नंबरवाले समुद्रावरून येत होते,
ओल्या पायांनी, मोठ्याने बोलत.
मी हात वर केला.
थांबा म्हटलं जरा. तिथेच.