थ्री-फेजची वेळ

लोटनभाऊ बॅटरी ओट्यावर ठेवतो
दोन्ही हातांनी, आत कुल्फीच आहे अशी.
'ताई, सपाटवर चालस.
लासूरनी चढवर मरी जास.'
मी म्हणते, परवा या.
'वैशाख शे ताई. उद्या दुपारलेच लागी.'

आधी पाटल्या काढून पोह्यांच्या डब्यात.
एकदा एका पाटलीने दोन टोकं जोडली होती;
मनगटावर अजून तिचं अर्धं वर्तुळ आहे.
बायका विचारतात, तव्याचं का?
मी हो म्हणते.

मग मीटर. तेरा गट, गटात चार सेल.
तीन पॉइंट नऊ. तीन नऊ. तीन नऊ.
सातव्यावर दोन एक.

ब्लेडने निळी कातडी चिरली,
पिवळा टेप सोलला, हिरवा कागद,
खाली निकेलची पट्टी,
पट्टीवर टाके.

टाके डावीकडे कललेले.
दोन टिंबांतलं डावं जरा पसरट.

ब्लाउज शिवायचे तेव्हाही
चोपड्याच्या स्टँडवर पाठमोरी बाई दिसली
की गळ्याच्या वळणावरून कळायचं,
हा माझ्याकडचा.

हा माझा तिसरा पॅक.
धानोऱ्याच्या चित्रकलेच्या मास्तरांना दिलेला.
मास्तरांची बदली झाली, सायकल अडावदला गेली,
तिथून एका फोटोवाल्याकडे,
आणि आता तिच्यावर कुल्फीची पेटी.

तेव्हा मशीन नवीन होतं, म्हणजे जुनंच:
भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर,
अंगठ्याएवढ्या केबलचे दोन फेरे,
पायाखाली शिलाई मशीनचं पेडल.
पाय तोच. फक्त दोरा नव्हता.

पक्कड लावून पट्टी ओढते.
पहिले सहा गट सुटत नाहीत,
सुटलेच तर सेलच्या डोक्यावर
निकेलचा तुकडा सोडून येतात, भांडून आल्यासारखे.
सातव्यापासून टाके फिके.
पट्टी अलगद निघते,
पिकल्या केळाची साल.

आठवलं.
रात्रीचे दहा. शेतीची लाइट आली
आणि तापीपासून डोंगरापर्यंत
शिवारातल्या सगळ्या मोटारी एका दमात उठल्या.
बल्ब पिवळा झाला.
मला वाटलं, डोळे थकले.
मी टाके मारतच राहिले.
ठक् असा आवाज यायचा,
तेवढा पुरेसा वाटायचा.

म्हणजे या पट्टीवर त्या रात्रीचं वेळापत्रक आहे,
केळीला पाणी कधी सुटलं ते.

सातव्या गटातले तिघं मेलेले.
चौथा सुटा करून मीटर लावला.
तीन सात.
पुसून पुन्हा लावला.
तीन सात.

त्याचा टाका कधी धरलाच नव्हता.
तीन वर्षं तो त्या तिघांना खेटून उभा.
चढ आला, ओझं आलं,
चौघांचं तिघांनी ओढलं,
आणि हा भरलेला, कोरा,
दिसायला सगळ्यांत देखणा.
त्याला काय बोलायचं?
टाका माझा होता.

आता भिंतीवर व्होल्टचा आकडा लावलाय.
एकशे नव्वद. मी नुसती बसते.
सेल बाहेर काढून ओळीने लावते, परत आत ठेवते.
वाळूची बादली पायाने जवळ ओढते.
गच्चीवरून नवरा विचारतो, झालं का?
मोटारी बंद होऊ द्या.
पहाटे चारच्या पुढे कधीतरी
दोनशे अठ्ठावीस,
आणि एकदम इतकं शांत होतं
की शेजारच्या कूलरमधलं पाणी ऐकू येतं.
पेडलवर पाय.

दुपारी लोटनभाऊ, 'कितला पैसा?'
चार सेलचे.
'आनि मजुरी?'
ती मागेच घेतलीय.
तो हसतो, माझा काहीतरी घोटाळा होतोय असं समजून,
आणि मी दुरुस्त करायच्या आत
पेटी बांधून, घंटा एकदा वाजवून निघतो.

चौथा सेल परत घातला नाही.
तो टॉर्चमध्ये आहे.
टाके त्याच्याच उजेडात तपासते.
परवा पहिल्यांदा चार्जिंगला लावला.