झाकली मूठ

यारेत्सीनं पिशवीतून काढून
माझ्या लेथवर ठेवली ती मूठ:
लहान संत्र्याएवढी, पिवळट राळेची,
आत गोठलेला विंचू, नांगी वर,
कुणाला तरी उत्तर द्यायचं राहून गेल्यासारखा.
“आजोबांच्या मायक्रोबसच्या गिअरची.
जॉयस्टिकवर बसवायचीय.”

दुसऱ्या काखेत तिचा खोका होता,
कपाटाच्या खणाचा. आठ बटणं, एक दांडा,
खाली वायरींची अशी गिचमिड
की मी पटकन झाकण लावून घेतलं.
दांड्यावरचा लाल प्लॅस्टिकचा गोळा तिला नको होता.
तो सगळ्यांकडे असतो, म्हणाली.

इस्तापालापाच्या या गल्लीत चोवीस वर्षं
मी न जुळणारी भोकं जुळवतेय.
नळ, पंप, व्हीलचेअर, एकदा चर्चची घंटा.
गिअरचे आटे तीन सूत, जॉयस्टिकचे सहा मिलिमीटर.
मधे पितळेचं बुश घातलं,
बाहेरून सासरचं माप, आतून माहेरचं.

बुश बसलं, मूठ बसली,
आणि दांडा कलला.
मूळचा गोळा पंचवीस ग्रॅम, ही सव्वाशे.
स्प्रिंग बिचारी उभं करायला बघे, जमेना.
पडद्यावर तिचा मुखवट्यातला पैलवान
कुणी हात न लावता डावीकडे चालू लागला,
भिंतीला टेकला,
तरी चालतच राहिला.

ताठ स्प्रिंग टाकली तर मनगट जाणार.
म्हणजे खालून पोखरायचं.
पण विंचू नेमका कुठवर?
पाण्यातल्या काठीसारखी राळ डोळ्याला फसवते.
“त्यांना विचारलंस?”
ती बटणांशी चाळा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी निकानोर स्वतः आले.
सव्वीस वर्षं सांता कातारीनाच्या रस्त्यावर.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं,
यांचं होतं स्टिअरिंगच्या मागे: उशी, रेडिओ,
पुडीत मीठ, चिरलेलं लिंबू.
गेल्या साली गाडी भंगारात गेली.
तिचा हिरवा ठोकळा व्हायच्या आधी
यांनी फक्त मूठ फिरवून काढून घेतली.

“पोखर,” म्हणाले. “त्याला काय दुखतंय?”
आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले
ड्रिल थांबेपर्यंत.

मी दर अर्ध्या सुताला थांबत गेले.
वाटीभर भुसा निघाला, जळकट, गोडसर वासाचा.
नांगी नखभर लांब असताना हात आखडला.
दांडा उभा राहिला.
म्हणजे, जवळजवळ.

मग त्यांना खुर्ची दिली, खोका मांडीवर,
आणि आम्हाला दोघींना कळेना काय चुकतंय.
हात हातावरून गेलेला, कोपरं अडकलेली,
म्हातारा स्वतःच्याच मिठीत सापडल्यासारखा.
जॉयस्टिक डावीकडे असते.
गिअर उजवीकडे.

यारेत्सी काही बोलली नाही.
पेन्सिल मागितली. मग गोल करवत.
उजवीकडे नवं भोक, बटणं सगळी डावीकडे,
वायरी पुन्हा पहिल्यापासून, रात्री नऊपर्यंत.
जुन्या भोकावर सोड्याचं बूच ठोकलं.

त्यांनी मूठ धरली. विंचू दिसेनासा झाला.
झाकली मूठ. सव्वा लाखाची
की सव्वाशे ग्रॅमची, ते त्यांचं त्यांना.
पैलवान हरला. परत हरला.
दर वेळी दांडा हलवण्याआधी
डावा पाय फरशी दाबत होता,
जिथं क्लच नव्हता तिथं.

“किती झाले?” नजर पडद्यावरच.
मी आकडा सांगितला.
डाव्या हातानं खिशातली नाणी
बोटांनीच चाचपून मोजली,
मान न वळवता मागे माझ्याकडे धरली.

ते गेल्यावर मोजली.
एक पेसो कमी.
उतरल्यावरच लक्षात येतं असलं काही,
तोवर गाडी पुढच्या थांब्यावर असते.