अडुसष्ट सेंटिमीटर

लिफ्टचं दार मोजलं आधी,
शिवणाच्या टेपने, रात्री साडेदहाला.
चौथ्या मजल्यावरच्या देवधरांनी पाहिलं,
"काय, फ्रीज घेताय?"
अडुसष्ट सेंटिमीटर.
हातावर पेनने लिहिलं, कणीक मळताना गेलं,
परत मोजलं.

एक अडीच वर्षांची, एक चार महिन्यांचा.
तिला चालता येतं, पण तिला हवं तेव्हा.
तो नुकता मान धरतोय.
आणि माझे हात दोन,
त्यातल्या एकात कायम पिशवी.

कर्वे रोडच्या दुकानात
सगळ्याच गाड्या लोण्यातून चालतात.
फरशीच तशी.
मुलगा म्हणाला, एका बोटाने ढकला, मॅडम.
ढकलली,
ती थेट बाहुल्यांच्या रॅकपाशी जाऊन थांबली.
मी म्हटलं, जरा बाहेर फुटपाथवर नेऊन बघू?
गल्ल्यावरचे काका पेपरातून मान वर न करता म्हणाले,
"चाकाला माती लागली की गाडी तुमची."

दारातूनच बघितला मग फुटपाथ.
अकरा वर्षं त्यावरून चालतेय,
बघितला त्या दिवशी:
डुगडुगणारा पेव्हर ब्लॉक, विजेचा डबा,
गुलमोहराची मुळं, मुळांना वळसा,
वळशात लावलेली ॲक्टिव्हा,
आणि पुढे गुडघ्याएवढी पायरी,
जिच्याखाली सरळ बस.

शेजारी-शेजारी बसायची गाडी सत्याहत्तर सेंटिमीटर.
देखणी. लिफ्टबाहेरची.
मागेपुढे बसायची म्हणजे आगीनगाडी,
मागच्याने बालपणभर पुढच्याचं टाळकं बघायचं.
आणखी एक होती, तिचं लेबल
सुश्रुतने उलटं केलं, परत सुलटं केलं
आणि विचारलं, "ही ॲव्हरेज किती देते?"

शेवटी घेतली डहाणूकर कॉलनीतल्या एका बाईंची.
निळी. दोन पोरं वाढवलेली. छपराला एक टाका.
सीट पार आडवी होते, घडी घातली की रिक्षात पायाशी मावते,
मागे मोठीला उभं राहायला फळी.
पट्ट्याच्या बकलात कुणाचा तरी एक चुरमुरा.
"धुऊन देणार होते," बाई म्हणाल्या,
आणि पैसे मोजायच्या आधीच
रिकामी गाडी ढकलत गेटपर्यंत सोडायला आल्या.
चेंबरचं झाकण आलं तिथे
त्यांनी ती हळू केली,
दांडा किंचित दाबून, पुढची चाकं उचलून.
आत कोणीच नव्हतं.

पुढची चाकं मात्र बदलावी लागली.
रास्ता पेठेतल्या बागवानचाचांनी
एक चाक अंगठ्याने दाबलं, कानाशी धरून फिरवलं.
"ही फरशीची चाकं आहेत ताई, रस्त्याची नाहीत."
माळ्यावरून कुठल्याशा लहान सायकलची जोडी काढली,
हवेची,
आणि पंप दिला शाल्मलीच्या हातात.
जीभ बाहेर काढून, अख्खं अंग टाकून
तिने हवा भरली.
निदान तिचं तसं म्हणणं आहे.

तेव्हापासून ती फळीवर उभी राहत नाही.
चाकं तिची आहेत.
शेजारून चालते, दर दहा पावलांनी वाकते,
अंगठ्याने दाबते, "आहे हवा," म्हणते,
मग आम्ही पुढे.
कोपऱ्यावरची डेअरी आता पाऊण तासावर गेली आहे.
फळीवर पाच किलो गहू उभे असतात,
दळून आणलेले, अजून गरम.
आत तो झोपलेला, मूठ गालाशी.

परवा आलो तर लिफ्टला पाटी:
दुरुस्ती चालू. हुकमावरून.
तीन मजले.
मी पिठाचा डबा उतरवला, पोराकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं.
देवधर वरून येत होते, मंडईची पिशवी घेऊन.
पिशवी कठड्याला अडकवली,
"चला, फ्रीज वर घेऊ," म्हणाले
आणि पुढून धरायला वाकले.

"आजोबा," शाल्मली म्हणाली,
"चाकाला हात लावायचा नाही."