टॉर्च

पहाटे साडेपाचला, दूधवाल्याच्या आधी,
मोरीतल्या आरशापुढं मी तोंड उघडतो
आणि टॉर्च लावतो.
जिभेची डावी कड. टाक्यांच्या जागची पांढरी रेघ.
ही कालचीच, की आजची?
बोटानं चाचपतो.
सातपूरला लेथवर एकतीस वर्षं
केसाएवढा फरक ओळखणारं बोट,
पण लोखंड कधी माझं नव्हतं.

मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. बारा.
मधेच चुकलो वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून.
मथुरा म्हणते, अहो, जप आहे का हा?
मी म्हणतो, नाही कसा.

चुन्याची डबी अजून खिशातच.
एका कप्प्यात लवंग, दुसऱ्यात बडीशेप.
अंगठा मात्र रिकामा तळहात मळत राहतो.

भाच्यानं दिंडोरीहून द्राक्षांची पेटी पाठवली.
हळद-मिठात भिजवली, नळाखाली धरली,
पुन्हा भिजवली. फवारा कुठवर मुरला असेल
याचा हिशेब करता करता मणी सुरकुतले.
नातवानं तशीच खाल्ली, खोक्यातली, न धुता,
आणि गाढ झोपला.
मी त्याचा श्वास मोजत बसलो.

गोल्फ क्लबच्या मैदानावर सात फेऱ्या.
बरोबर शेवाळे असायचे. घशाचे.
दुधीचा रस, गव्हांकुर, कुणी सांगेल तो काढा.
दिवाळीनंतर ते दिसले नाहीत.
मी त्यांच्या घरी फोन केला नाही.
सातच्या नऊ फेऱ्या केल्या.

एवढं सगळं करतो.
तपासणीची तारीख तेवढी जानेवारीतली होती,
आता आंबे आलेत.
फाइल मथुराच्या साड्यांखाली.
दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो,
मुंबई नाक्याला हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जातो,
तसाच पुढं द्वारकेपर्यंत चालतो
आणि रिक्षानं घरी.
गर्दी होती, म्हणून सांगतो.

आज गेटवरच्या घुगेनं हटकलं,
"काका, आजपण नुसतीच फेरी का?"
त्याच्या गालात विडा, ओठाला लाल कड.
काय झालं कुणास ठाऊक,
मी खिशातून टॉर्च काढली. म्हटलं, "थुंक. आ कर."
हसला, पण केलं त्यानं.
गाल, टाळू, जिभेखाली,
सवयीनं सगळं फिरलो.
माझा हात थरथरत नव्हता.

मग टॉर्च त्यानं घेतली. "आता तुम्ही."
भर उन्हात, रिक्षावाले बघत असताना
मी तोंड उघडलं.
"दिसतंय काही?"
"मला काय कळतंय," घुगे म्हणाला,
"ओपीडी दोनपर्यंत चालू असते."