तात्पुरतं

दर सहा महिन्यांनी जावा कात टाकते.
यंदाची सप्टेंबरातली आवृत्ती आली
तेव्हा म्हात्रे पुलाखाली ढोलांचा सराव चालू होता
आणि एरंडवण्यात, माझ्या स्क्रीनवर,
चारशे बारा टेस्ट लाल.

त्यांनी एक जुनी मेथड काढून टाकली होती.
तिच्यावर टेकलेली दुसरी,
दुसरीवर आमचा अख्खा एडिटर.
खणत गेले, तर तळाशी:
// तात्पुरतं. नंतर नीट करू. हेरंब, २००९

हेरंब आता कुठे असतो कुणास ठाऊक.
त्याला पाठवलेली मेल परत येते.
त्याची ओळ मात्र इतकी वर्षं उभी होती
कुठकुठल्या अनोळखी टेबलांवर,
फुकट,
आणि लोक म्हणतायत, काल तर चालत होतं.

काढली मी ती. अर्धविरामासकट.
नवी लिहून होईतो साडेचार वाजले.
ढोल केव्हा थांबले कळलंच नाही.
सगळं हिरवं,
तीन टेस्ट सोडून.

त्या तिघींपुरती
एक ओळ मधे सरकवली,
वर लिहिलं: तात्पुरतं.
खाली दुधाच्या पिशव्यांचा क्रेट आपटला.
नावापाशी जरा थांबले,
मग लिहिलं, शाल्मली.

साल नाही लिहिलं.