दोन मिनिटांचा मोकळा रस्ता

वरच्या वळणावर मी लाल झेंडी धरून उभी होते,
दिवसाला दोनशे लेई, जेवण त्यांचं.
सोरिनचा टँकर नुकताच पाणी शिंपडत खाली गेलेला,
कोरडं डांबर म्हणे कॅमेऱ्यात झोपाळू दिसतं.
सकाळचे सहा. कार्पेथियनचा घाट.
ऊन कड्याच्या पलीकडे, अजून अंथरुणातच.

माझ्या झेंडीमागे खोळंबलेले:
पावाची व्हॅन,
मेंढ्यांचा ट्रक, त्याच्या फळ्यांतून बाहेर आलेली ओली नाकं,
आणि मांडीवर केकचा खोका घेतलेला एक माणूस,
पुतणीच्या बाप्तिस्म्याला निघालेला.
काच खाली करून म्हणाला,
कोण येतंय एवढं? राष्ट्राध्यक्ष?
नाही हो, गाडी येतेय.
मग मी कशात बसलोय, पाळण्यात?

वॉकीटॉकी खरखरला. सगळे गप्प.
मेंढ्या मात्र नाहीत.

आली. चंदेरी. एवढी शांत,
की मला आधी टायरचं पाणी ऐकू आलं.
स्टेअरिंगवर एक्कावन्न वर्षांचा दुमित्रू,
डोक्यावर लांब तपकिरी केसांचा टोप,
ओठांत न पेटवलेली सिगारेट, कॅमेऱ्यात येणार नाही अशी.
खरी मुलगी खाली तंबूत, घोंगडीत गुरफटलेली,
तिला गाडी चालवता येत नव्हती.
दुपारी तिला उभ्या गाडीत बसवलं,
खिडकीशी पंखा लावला,
आणि सांगितलं, आता तू सगळं मागे सोडून चाललीयस.
काय सोडू, तिनं विचारलं.
काहीही, ते म्हणाले.

असं अकरा वेळा.
अकराव्या खेपेला केकवाल्यानं खोका उघडला,
क्रीम एका बाजूला कललेलं.
बोटानं सारखं केलं, बोट चाटलं,
माझ्याकडे बघितलंच नाही.

तीन महिन्यांनी ती जाहिरात आली.
पियानोची एकच पट्टी,
मध्यरात्री कुणी दारावर हलकेच टकटक करावं तशी.
थांबते. पुन्हा.
मग एका बाईचा श्वास, अगदी कानाशी.
इंजिनाचा आवाज कुठेच नाही.
आणि वळण येतं, माझं वळण,
तिथेच ढोल फुटतात
आणि दरी उघडते, जणू ती इतके दिवस बंदच होती.
मी उभी होते तिथे देवदार लावलाय.
चांगला आहे. माझ्यापेक्षा सरळ उभा राहतो.
शेवटी तीन शब्द: निघ. कुणाचीही नाहीस.

राझवाननं ती घेतली. सव्वीस वर्षांचा,
कॉलसेंटरात रात्रपाळी, चौऱ्याऐंशी हप्ते.
मी त्याला टोपाचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं,
अगदी मेंढ्यांच्या नाकांचंसुद्धा.
तो पोट धरून हसला
आणि हसता हसता सहीचं पेन मागितलं.
आता संध्याकाळी क्लुजच्या पुलावर
पुढे ट्राम, मागे ट्राम, मध्ये तो,
काचा बंद करून तीच धून मोठ्यानं लावतो.
म्हणतो, इलिन्का, त्या ढोलापाशी ना,
चारी बाजूंनी अडकलेलो असलो तरी
पोटात खड्डा पडतो, जत्रेतल्या पाळण्यासारखा.
मी म्हटलं, वेडा आहेस.

काल शेवटची बस चुकली.
थांब्यावर एकटीच, पाय गारठलेले, फोनची बॅटरी नऊ टक्के.
सहज म्हणून लावली.
टकटक. श्वास. सगळं पाठ आहे मला,
पाणी कुठे संपतं तेसुद्धा,
त्या तिथे डावीकडे डांबर फिकट दिसतं बघा.
तरी वळण आलं
आणि माझा उजवा पाय
फुटपाथच्या फरशीवर हळूच दाबला गेला.

समोर मोकळा रस्ता.
कुणीतरी झेंडी धरून उभं असणारच.

आठ टक्के.
पुन्हा लावली.